अनुभव धागा: परत परत मांडून पाहिलेला बुद्धिबळाचा डाव

परवा रात्री झोप येईना म्हणून कास्पारोव्ह-टोपालोव्ह परत मांडला, १९९९ चा, वाईक आन झी स्पर्धेतला. किती वेळा मांडलाय याची मोजदाद सोडलीये आता. चोविसाव्या चालीला कास्पारोव्ह डी४ वर हत्ती देऊन टाकतो आणि तिथून काळा राजा जो बाहेर खेचला जातो तो थेट पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत ई१ वर जाऊन उभा राहतो, चव्वेचाळीस चालींत खेळ खलास. हे सगळ्यांनाच माहितीये. पण परवा पहिल्यांदा मी पट फिरवून काळ्याच्या बाजूने बसलो, आणि लक्षात आलं की टोपालोव्हने तो हत्ती खाल्ला म्हणून हा डाव आहे. राजा गुपचूप बी६ ला सरकवला असता तर काळ्याचं ठीक चाललं होतं, आणि मग कास्पारोव्हच्या शेकडो चांगल्या डावांतला हा अजून एक झाला असता, मी रात्री दोन वाजता तो बघत बसलो नसतो.

तर तुमचा असा डाव कुठला? नुसती यादी नको, यादी कुठेही मिळते. तो तुमच्यापर्यंत कसा आला ते लिहा. हरणाऱ्याच्या बाजूने कधी बघितला असेल तर तेही लिहा.

———

मॉर्फीचा ऑपेरातला डाव, पॅरिस १८५८. हो हो माहितीये, सगळे हाच सांगतात, पण माझं कारण वेगळं आहे. मुलगी सात वर्षांची असताना तिला दाखवला होता. एका बाजूला एकवीस वर्षांचा मॉर्फी, दुसऱ्या बाजूला ब्रन्सविकचा ड्यूक आणि एक काउंट, दोघं मिळून सल्लामसलत करून खेळतायत आणि समोर स्टेजवर ऑपेरा चालू. मी आपला रंगात येऊन सांगतोय, बघ घोडा दिला, बघ हत्ती दिला, आता सोळाव्या चालीला वजीरच देऊन टाकला आणि सतराव्या चालीला उरलेल्या एका हत्तीने आणि उंटाने मात! माझी अपेक्षा की पोरगी टाळ्या वाजवेल. ती म्हणाली, बाबा हा काळा हत्ती सगळा वेळ झोपलेला का होता? एच८ वरचा. बरोबर, तो हत्ती आणि त्याच्या शेजारी एक घर सोडून बसलेला उंट डावभर हललेच नाहीत. डेव्हलपमेंट म्हणजे काय हे मला पुस्तकं वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं तिच्या त्या एका प्रश्नाने कळलं. आता ती मला हरवते, पण "तुमचा हत्ती झोपलाय" हे आमच्या घरात कायमचं झालंय, आळस करणाऱ्या कुणालाही म्हणतो.

———

कार्लसन वि. कार्याकिन, २०१६ ची जगज्जेतेपदाची लढत, टायब्रेकचा (बरोबरी फोडायला खेळलेला) शेवटचा रॅपिड म्हणजे जलद डाव, वजीर एच६ शह. प्याद्याने मारा नाहीतर राजाने मारा, दोन्हीकडे हत्तीची मात. आणि त्या दिवशी कार्लसनचा सव्विसावा वाढदिवस! मीटिंगमध्ये मोबाईल टेबलाखाली धरून बघत होतो, तोंडातून "अरे देवा" निघालं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाकी काही अनुभव नाही, एवढाच.

———

मी ७२ सालच्या फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाच्या मॅचचा साक्षीदार, म्हणजे पेपरातून. तेव्हा चाली पेपरात जुन्या पद्धतीने यायच्या, ई४ वगैरे नाही, 'पी-के४' असं. दुसऱ्या दिवशी पेपर आला की मी पट मांडायचो आणि वहीत उतरवून घ्यायचो. रेक्याविकला फिशर पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही, आणि तरी पाच डावांनंतर अडीच-अडीच. सहाव्या डावाची पहिली चाल वाचली तर 'पी-क्यूबी४', म्हणजे आताच्या भाषेत सी४. मी म्हटलं छापायची चूक झाली, फिशर राजापुढचं प्यादं सोडून काय खेळणार! वहीत मी ती चाल खोडून पी-के४ लिहिली आणि पुढच्या चाली लावायला गेलो तर काहीच बसेना. अर्धा तास पेपरवाल्यांना शिव्या घातल्या. मग जसं छापलंय तसं मांडून पाहिलं आणि तो डाव असा काही उलगडत गेला की बस, एकही चाल ओरडून सांगत नाही, शांतपणे पकड घट्ट होत जाते. डाव संपल्यावर स्पास्कीने स्वतः टाळ्या वाजवल्या. जगज्जेता, हरलेला, आणि प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवतोय. ती खोडलेली चाल वहीत अजून तशीच आहे.

———

वरच्या काकांच्या प्रतिसादावरून आठवलं, हरणाऱ्याचा मोठेपणा म्हणाल तर किझेरित्स्की. १८५१ ला लंडनमध्ये अँडरसनने त्याच्याविरुद्ध दोन्ही हत्ती, एक उंट आणि वजीर असं सगळं दिलं आणि तीन हलक्या मोहऱ्यांनी मात केली. काळ्याची फक्त तीन प्यादी गेली होती! साधा मैत्रीचा डाव होता, स्पर्धेतला नाही. आणि हा डाव जगापुढे आणला कुणी, तर किझेरित्स्कीनेच आपल्या मासिकात छापला. मी एखाद्या मुलाकडून ब्लिट्झ हरलो तर अकाउंट डिलीट करावंसं वाटतं.

याच्या उलट फॉन बार्डेलेबेन, हेस्टिंग्ज १८९५. स्टाइनिट्झचा हत्ती ई७ वर असा घुसला की त्याला मारायची सोय नाही, तर हा माणूस काही न बोलता उठून हॉलमधून निघून गेला आणि घड्याळ चालू. मला त्याचंही पटतं खरं तर.

———

माझे आजोबा जुन्या देशी पद्धतीने खेळायचे, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, दोन घरं टाकलीत तर ते पट झाकून उठायचे. त्यामुळे माझा माणूस सुलतान खान. त्याचं लहानपणही असल्याच नियमांत गेलं, आंतरराष्ट्रीय नियम नंतर शिकला, १९२९ मध्ये मालकाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश चॅम्पियन! नंतर अजून दोनदा, ३२ आणि ३३. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं, कापाब्लांकाला! तो डाव मी आजोबांना मांडून दाखवला तेव्हा ते ओपनिंगच्या वेळी नुसते हूं हूं करत होते, त्यांना त्यातलं काही पटत नव्हतं. पण नंतर पांढरा जेव्हा हळूहळू जागा दाबत जातो, कसली घाई नाही, धडाकेबाज बलिदान नाही, तेव्हा ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, हा आपल्यासारखा खेळतो. पासष्ट चालींचा डाव आहे, त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटनेने) सुलतान खानला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, तो जाऊन अनेक दशकं झाल्यावर. तेव्हा आजोबाही नव्हते सांगायला.

———

मला दिसत नाही, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा असेल. आमचा पट वेगळा असतो, काळी घरं उंच, पांढरी खाली, प्रत्येक घराला भोक आणि मोहऱ्याला खाली खुंटी, म्हणजे चाचपताना मोहरे पडत नाहीत. काळ्या मोहऱ्याच्या डोक्यावर टाचणीसारखं टोक असतं. दोन खेळाडूंचे दोन पट, आणि चाल मोठ्याने सांगायची, ए ते एच या उभ्या ओळींची नावंही ठरलेली, आना बेला सीझर डेव्हिड इव्हा फेलिक्स गुस्ताव हेक्टर.

माझा डाव शॉर्ट वि. टिमान, टिलबर्ग १९९१. मित्र चाली वाचत होता, मी लावत होतो. एकतिसाव्या चालीला तो म्हणाला राजा हेक्टर दोन. ठीक. मग राजा गुस्ताव तीन. मी म्हटलं नीट वाच. राजा फेलिक्स चार. अरे वजीर हत्ती सगळे पटावर आहेत आणि राजा कुठे निघालाय? मी पूर्ण पट दोनदा चाचपला, मला वाटलं आपलंच कुठेतरी चुकलंय. राजा गुस्ताव पाच, टिमानने डाव सोडला. पुढची धमकी राजा एच६ आणि जी७ वर मात. डोळ्यांनी बघणाऱ्याला तो राजा एका नजरेत दिसत असेल, मी मात्र त्याच्याबरोबर एकेक घर चालत गेलो, खाली, वर, खाली असं. म्हणजे वर वर. सगळी काळी घरं होती ती, सगळी उंच. हे आत्ता लिहिताना परत पट घेऊन तपासलं :)

———

मी या बलिदान-बिलिदानाला कंटाळलेलो आहे, माफ करा. पण एक आहे, टोपालोव्ह-शिरोव्ह, लिनारेस १९९८. दोघांचे उंट उलट्या रंगांच्या घरांवरचे, कुणीही सांगेल बरोबरी, आणि शिरोव्ह सत्तेचाळिसाव्या चालीला उंट एच३ वर ठेवतो, जिथे प्यादं त्याला फुकट खातं. का? तर राजाला पुढे जायला एक चाल मिळावी म्हणून. फक्त एक चाल! मी हा डाव पहिल्यांदा पाहिला तेव्हा वेबसाइटवर चूक आहे असं समजून कळवलं होतं, त्यांनी विनम्रपणे उत्तर दिलं की चूक नाही. (धागाकर्त्या, टोपालोव्ह इथेही हरलाय बघ. बिचारा. २००५ चा फिडे जगज्जेता आहे तो, लोक विसरतात.)

———

मुलींपैकी कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहिते. शाळेत असताना ओपन गटात खेळायचे, समोर मुलगी बघून मुलांचे चेहरे खुलायचे, आणि हरले की लगेच "आज डोकं दुखत होतं". सगळ्यांचंच दुखायचं. मग व्हेरा मेंचिकबद्दल वाचलं. १९२७ ची पहिली महिला जगज्जेती. १९२९ ला कार्ल्सबादला पुरुषांच्या स्पर्धेत तिला बोलावलं तर बेकर नावाचे मास्टर म्हणाले की हिच्याकडून जो हरेल त्याला 'मेंचिक क्लब'चा मेंबर करू. पहिले मेंबर तेच झाले! मी वहीच्या शेवटच्या पानावर माझा क्लब सुरू केला होता, नावांपुढे आजाराचा कॉलम.

डाव म्हणाल तर २००२, मॉस्को, ज्यूडिट पोल्गार वि. कास्पारोव्ह, रॅपिड. बायकांच्या खेळाबद्दल तो काय काय बोलला होता ते सगळ्यांना माहितीये. तिने त्याला बेचाळीस चालींत हरवलं आणि तेही काही चमत्कार न करता, त्याचा राजा मधे अडकला आणि हिचे हत्ती घुसले, संपलं. आणि २०२५ ला बाटुमीला दिव्या देशमुख विरुद्ध हंपी, वर्ल्ड कप फायनल, एकोणीस विरुद्ध अडतीस, कुणाच्या बाजूने ओरडायचं तेच कळेना. दिव्या जिंकली आणि एकही नॉर्म (किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी) नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. मी रडले, पण हंपीसाठी पण रडले.

———

फिशरचा तेराव्या वर्षीचा डाव, बर्न विरुद्ध, न्यूयॉर्क १९५६. सतराव्या चालीला उंट ई६ आणि वजीर वाऱ्यावर! मग घोड्याचे ते उघडशह, पांढरा राजा जी१ एफ१ जी१ एफ१ नुसता येरझाऱ्या घालतोय आणि मधेच काहीतरी मारलंही जातंय. हा डाव पाठ केल्यानंतर एका स्पर्धेत मला अगदी तशीच संधी मिळाली, निदान मला तसं वाटलं. वजीर सोडला, खुर्चीवरून उठलो, हात मागे बांधून दुसऱ्या पटांवरून फेरी मारून आलो, ग्रँडमास्टरसारखी. परत आलो तर समोरच्याने वजीर मारला होता आणि तो माझ्याकडे काळजीने बघत होता. माझ्या घोड्याला उघडशह द्यायला मागे उंटच नव्हता, तो मी पाच चालींपूर्वी बदलून टाकला होता. बर्न निदान मात होईपर्यंत खेळला, मी तिथेच हार मानून सही केली.

———

हरणाऱ्याचा डाव विचारलात म्हणून, डीप ब्लू या संगणकाविरुद्धचा कास्पारोव्हचा १९९७ चा दुसरा डाव. सहावा नाही, तो एकोणीस चालींत संपला, त्यात बघण्यासारखं दुःखच आहे. दुसऱ्यात कास्पारोव्हने डाव सोडला आणि नंतर कळलं की शह देत देत बरोबरीसाठी झगडायला वाट शिल्लक होती. मशीन इतकं भारी खेळलं की त्याने ती शोधलीच नाही. माझ्याबाबतीत हे झालंय, समोर मोठ्या रेटिंगवाला, मी हात पुढे केला, आणि त्याने हात मिळवता मिळवताच म्हटलं, "पॅट होतं ना इथे?" म्हणजे शह नाही पण चालही नाही, बरोबरी. होतं. पुढचा आठवडाभर मला कुठलाही काळा-पांढरा टाइल्सचा फ्लोअर सहन होत नव्हता.

———

गुकेश-डिंग, चौदावा डाव, १२ डिसेंबर २०२४. साडेसहा-साडेसहा. मी इंजिनचा बार (कोण वरचढ ते दाखवणारी पट्टी) मुद्दाम बंद ठेवून बघत होतो, मुलगा आत त्याच्या खोलीत बार लावून. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ ला घेतला, मला वाटलं हत्ती बदलले की ड्रॉ, उद्या टायब्रेक, आणि आतून पोरगा किंचाळला. मला कळेना काय झालं! पट बघतोय, काही दिसत नाही. गुकेशलाही लगेच दिसलं नव्हतं. मग त्याचा चेहरा बदलला, आणि चेहरा बघून मी शोधायला लागलो, पांढरा उंट ए८ च्या कोपऱ्यात, काळ्याने उंट डी५ ला आणला की तो बदलावाच लागतो आणि प्याद्यांचा डाव हरतो. आयुष्यात पहिल्यांदा जगज्जेतेपदाची चाल मी स्वतः शोधली, बारशिवाय, भले वीस सेकंद उशिरा. अठराव्या वर्षी जगज्जेता! मुलगा नाचत बाहेर आला. पण स्क्रीनवर डिंग होता, टेबलावर वाकलेला, आणि आम्ही दोघं थोडा वेळ गप्प उभे राहिलो.

———

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, शॉर्टच्या राजाचा प्रतिसाद तर तीनदा वाचला आणि झोपलेला हत्ती मी चोरणार आहे. एक अपडेट. काल मित्राला बसवलं आणि कास्पारोव्ह-टोपालोव्ह चोविसाव्या चालीपासून खरोखर खेळलो, मी काळा. हत्तीला हात लावला नाही, राजा बी६. अगदी बरोबर चाल. एकतिसाव्या चालीला मात झाली.