कम्युनिटी अ‍ॅडव्हायझरी बोर्ड नावापुरतं नको असेल तर काय करायचं?

अर्धवट_प्रोटोकॉल
नमस्कार मंडळी, आमच्या टीमचं डायबेटिसवर स्टडी प्रपोजल चाललंय, म्हणजे साखर कंट्रोलमध्ये ठेवण्यात गरीब आणि बऱ्या परिस्थितीतल्या लोकांत एवढा फरक का पडतो ते बघायचंय. फंडिंगवाल्यांची अट आहे की कम्युनिटी अ‍ॅडव्हायझरी बोर्ड, म्हणजे ज्यांच्यावर स्टडी होणार त्या लोकांचं सल्लागार मंडळ, हवंच. आता प्रोटोकॉल (स्टडीचा लेखी आराखडा) जवळपास झालाय, प्रश्नावली पण तयार आहे, आणि सर म्हणतायत सात-आठ लोक जमवा, एक मीटिंग घ्या, सह्या घ्या, विषय संपला. मला हे पटत नाहीये पण एथिक्स कमिटी असताना हे वेगळं कशाला असं त्यांनी विचारलं की मला उत्तर देता येत नाही. शिवाय घ्यायचं कोणाला?

फील्डवाली_ताई
सगळं ठरल्यावर बोर्ड म्हणजे वरातीमागून घोडं. एथिक्स कमिटी बघते की भाग घेणाऱ्याला धोका किती, संमती नीट घेतली का. पण हा प्रश्न आमच्या लोकांच्या कामाचा आहे का, निकालातून आमची बदनामी तर होणार नाही ना, हे बोर्डच विचारतं.
आमच्या एका स्टडीत फॉलोअप सकाळी 10 ते 1 ठेवला होता. बोर्डातल्या एक मावशी म्हणाल्या, त्या वेळेला आलं तर आमचा खाडा पडतो, कोण येणार? आता बघ, कागदावर ही सगळी माणसं 'फॉलोअपला आली नाहीत' म्हणून गेली असती आणि शेवटी कोणीतरी लिहिलं असतं की गरीब पेशंट बेफिकीर असतात. म्हणजे दोष आमच्या वेळापत्रकाचा आणि खापर त्यांच्या डोक्यावर. तुझा विषयच विषमतेचा आहे, तुला तर हे पहिल्या दिवसापासून लागणार.
त्याच मावशींनी फॉर्मवरचं '10 मिली रक्त' बघून विचारलं, म्हणजे किती? दोन छोटे चमचे, हे सांगता आलं. मग म्हणाल्या, उरलेल्या रक्ताचं काय करणार? सगळे गप्प.

जुना_ट्रायलवाला
उरलेल्या रक्ताचा प्रश्न हलका घेऊ नका. अमेरिकेत हवासुपाई आदिवासींनी 1990 च्या दशकात डायबेटिसच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि त्यांचे पूर्वज कुठून आले असल्या अभ्यासांना वापरले गेले. कोर्टकचेरी झाली, शेवटी 2010 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला 7 लाख डॉलर आणि उरलेले नमुने द्यावे लागले. विषय डायबेटिसचाच होता बरं का.
आणि असली बोर्डं रुजली ती एचआयव्हीच्या ट्रायल्समधून, पेशंट लोकांनीच भांडून जागा मिळवली. तरी 2004 मध्ये कंबोडियात टेनोफोविर या औषधाने एचआयव्हीची लागण टळते का हे बघणारी ट्रायल सुरू व्हायच्या आधीच बंद पडली, कारण सेक्स वर्कर महिला विचारत होत्या की दुष्परिणाम झाले तर पुढच्या उपचारांचं कोण बघणार, आणि त्यांना पटेल असं उत्तर मिळालं नाही. असल्या प्रकरणांनंतर 2007 मध्ये यूएनएड्स (संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम) आणि एचआयव्ही प्रतिबंधावर काम करणाऱ्या एव्हॅक संस्थेने लोकसहभागाची गाइडलाइन काढली. सरांना ही गोष्ट सांगून बघ, नैतिकतेने नाही तर ट्रायल बंद पडायच्या भीतीने तरी ऐकतील 😄

बोर्डावर_बसलेला
मी पलीकडच्या बाजूचा. आदल्या रात्री जाडजूड पीडीएफ पाठवायची आणि सकाळी 'काही सूचना?' विचारायचं, हे कृपा करून करू नका. मीटिंगमधल्या बाकी सगळ्यांना मानधन असतं, आम्हाला नुसता चहा. जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळेचे पैसे बजेटमध्येच धरा.
घ्यायचं कोणाला, तर नुसते पुढारी आणि संस्थावाले नकोत, ते सगळीकडे असतातच. ज्याची साखर खरंच कंट्रोलमध्ये नाही, ज्याने औषधं मध्येच सोडलीत, असे निम्मे तरी हवेत. आणि एकट्या-दुकट्याला बसवू नका, समोर चार डॉक्टर असले की तो बोलतच नाही.
सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? आम्ही बोललो त्याचं काय झालं ते कधीच कळत नाही. एखादी सूचना नाही घेतली तर का नाही ते तरी लिहून कळवा ना.

अर्धवट_प्रोटोकॉल
धन्यवाद सगळ्यांना 🙏 पण आता प्रोटोकॉल उलटवता येणार नाही, मग काय हातात आहे?

फील्डवाली_ताई
एथिक्सला सबमिट केलाय का? नसेल तर बरंच आहे. प्रश्नावली, फॉलोअपच्या वेळा, कन्सेंटची भाषा, नमुन्यांचं पुढे काय, निकाल लोकांना आधी कोण आणि कसे सांगणार, हे सगळं बोर्डापुढे ठेव आणि सरांकडून आधीच वदवून घे की यातलं काय बदलायची तयारी आहे. काहीच नाही म्हणाले तर लोकांना बोलावूच नकोस.