आखाजीचे दहा फोटो : आपल्या सोसायटीचा ग्रुप, जळगाव

ताई (बी-२०४): मंडळी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माझ्याकडचा इन्स्टॅक्स मिनी ११, म्हणजे फोटो लगेच छापून देणारा कॅमेरा, तिन्ही विंगमध्ये फिरवायचा विचार आहे. फिल्मच्या एका पाकिटात दहाच फोटो असतात, एका घराने एकच काढायचा, चांगला आला तरी तोच आणि बिघडला तरी तोच. चॅलेंज एवढंच की चेहरा दिसता कामा नये पण माणूस ओळखू आला पाहिजे. कोण कोण आहे?

सेक्रेटरी काका: उपक्रम छान 👏 पण मेंटेनन्समधून पैसे निघणार नाहीत, आधीच सांगतो

ताई (बी-२०४): काका मागितले कोणी 😄 पाकीट माझं

पिंट्या (ए-३०४): ताई फोनमध्ये तसा फिल्टर आहे ना, पांढरी बॉर्डर पण येते, फुकटात

ताई (बी-२०४): अरे फोनवर तू चाळीस काढशील आणि नंतर एक पण उघडून बघणार नाहीस. इथे एक फोटो पन्नास रुपयांच्या वर जातो म्हणून बटण दाबायच्या आधी माणूस जरा थांबतो, मला तेच थांबणं पाहिजे

नाना (ए-१०१): आमच्या वेळी छत्तीसचा रोल, धुवून यायला आठ दिवस आणि निम्म्या फोटोत मुंडकी कापलेली. हे लगेच निघतं? आसं शे का!

ताई (बी-२०४): हो नाना, आधी कोरं निघतं मग दीडेक मिनिटात उमटायला लागतं. लोक पंख्यासारखं हलवतात ते करू नका, काही फायदा नाही, ठेवून द्या पालथं सावलीत. आणि ही कल्पना निघाली कशी माहितीये, १९४३ मध्ये एडविन लँड नावाच्या संशोधकाच्या छोट्या मुलीने विचारलं की आत्ता काढलेला फोटो आत्ताच का नाही दिसत, आणि १९४८ मध्ये त्याचा पोलरॉइड कॅमेरा दुकानात आला

पिंट्या (ए-३०४): आपल्याकडे पोरीने असं विचारलं असतं तर आधी होमवर्क कर म्हणाले असते

काकू (सी-३०२): माझा ठरला. मी खापरावर, म्हणजे चुलीवरच्या पालथ्या मातीच्या भांड्यावर, मांडे करते तेव्हा नुसते हात काढ गं. मला फोटोत यायला आवडत नाही

ताई (बी-२०४): काकू बेस्ट! पण यात एक गंमत आहे, याचा फ्लॅश बंदच होत नाही, दर वेळी पडतोच, आणि मांडा पांढरा. म्हणजे तुम्ही हातावर वाढवताय तेव्हा जवळून मारला तर मांडा पण उडाला आणि हात पण, सगळं पांढरंफटक. त्यापेक्षा मांडा हातावरून सुटून खापरावर पडत असतो ना तेव्हा काढायचा, खाली खापर काळंकुट्ट असतं त्याच्यावर कड उठून दिसेल. लेन्सचा पुढचा भाग बाहेर ओढला की ३० ते ५० सेंटीमीटरवरचं स्पष्ट येतं, म्हणजे पोरांची पट्टी धरून उभं राहायचं. फ्लॅशवर टिश्यूचा एक पदर धरला की जरा नरम पडतो. आणि ज्या भोकातून आपण बघतो ते लेन्सच्या बाजूला असतं, त्यामुळे इतक्या जवळून दिसतं एक आणि छापतं जरा सरकून, तेवढा कॅमेरा सरकवून धरावा लागेल

काकू (सी-३०२): आणि तोवर माझा मांडा जळेल

नाना (ए-१०१): जळेल तो मना, म्हणजे माझा 😂

वहिनी (बी-१०३): त्यापेक्षा अजिंठ्याला जाऊ ना सगळे, तासा-दीड तासावर तर आहे

ताई (बी-२०४): वहिनी लेण्यांमध्ये फ्लॅशला बंदी आणि याचा फ्लॅश बंद होत नाही, दारातच अडवतील. बाहेरून डोंगराचा काढला तर फ्लॅश जेमतेम पावणेतीन मीटर पोचतो आणि छापलेलं चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटर, अख्खी वाघूर नदी त्यात एक रेघ दिसेल. हा कॅमेरा जवळच्या माणसांचाच आहे

पिंट्या (ए-३०४): मी लिंबाच्या झाडावरचा झोका काढणार, पायच फक्त, आकाशात. ताई फ्लॅशवर लाल जिलेटीन कागद लावला तर?

ताई (बी-२०४): दिवसा बाहेर फ्लॅशचा रंग काय दिसणार, ते घरात रात्री कर. आणि झोका सकाळी आठच्या आत नाहीतर सहानंतर, भर दुपारी पांढरं येतं. पायांची टोकं जरा हलली तर हलू दे, झोका आहे ना तो, गोठवून काय करायचंय

वहिनी (बी-१०३): मी वाचलं होतं हॉकनी नावाचे चित्रकार पोलरॉइडचे पुष्कळ फोटो शेजारी शेजारी लावून एक मोठं चित्र करायचे, १९८२ ला. आपण पूर्ण बी विंग तशी केली तर?

पिंट्या (ए-३०४): दहा फोटोत बी विंगचा जिना पण येणार नाही 😅

सेक्रेटरी काका: सगळे फोटो नोटीस बोर्डवर लावू. काच आहे, कुलूप आहे

ताई (बी-२०४): काका नको. याला निगेटिव्ह नसतो, तो कागद म्हणजेच फोटो, दुसरा कुठेच नाही. शिवाय बोर्डावर दुपारचं ऊन थेट येतं, रंग उडतील. ज्याचा काढला त्याच्याच हातात द्यायचा, ग्रुपवर फोनने त्याचा फोटो टाका हवं तर

सेक्रेटरी काका: मग सोसायटीला काय उरलं?

काकू (सी-३०२): मांडे

नाना (ए-१०१): गेटवरच्या वॉचमन दादाचा पण काढा, त्याचा कुणीच काढत नाही. नुसती शिट्टी आन् काठी काढली तरी आख्खी कॉलनी वयखी

ताई (बी-२०४): नाना, हा पहिलाच काढू. आणि सगळ्यांना कळकळीची विनंती, मागचं झाकण कोणीही उघडायचं नाही, पाकिटात किती उरलेत ते मागच्या आकड्यावर दिसतं. कॅमेरा गाडीच्या डिकीत पण ठेवू नका, ४० डिग्रीच्या वर वापरू नये असं कंपनीनेच लिहिलंय आणि आपल्याकडे आखाजीला पारा ४३ ला असतो. जो घेईल त्याने घरात थंड जागी ठेवायचा

वहिनी (बी-१०३): फ्रिजमध्ये?

ताई (बी-२०४): फ्रिज न उघडलेल्या पाकिटाला. कॅमेरा नाही 🙏 माठाशेजारी पण नाही, ओल लागेल

पिंट्या (ए-३०४): आमच्या घरून मांजराचा चालेल का? चेहरा न दाखवता

काकू (सी-३०२): तुमच्या मांजराला शेपटावरून अख्खी सोसायटी ओळखते, आमचं दूध पितं ते