निपेमागं कर वाढवला की पिणं कमी होतं म्हणे. हिशेब कोणी केला का?

वणीकर
परवापासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरून रायली. सार असं : चंद्रपूरची दारूबंदी फसली, वर्धा-गडचिरोलीची कागदावरच आहे, तेव्हा सगळीकडं दुकानं उघडा आणि कर वाढवत जा. महाग झाली की लोक कमी पितील, तिजोरी भरेल, लाडक्या बहिणीचे हप्तेही त्यातूनच निघतील. खाली टाळ्यांचा पाऊस. लिहिणाऱ्यानं एका निपेचाही, म्हणजे १८० मिलीच्या बाटलीचाही, हिशेब मांडलेला नाही, म्हणून मांडतो.

जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं देशी दारूचं उत्पादन शुल्क प्रूफ लिटरमागं (५७.१ टक्के अल्कोहोलच्या लिटरमागं) १८० वरून २०५ रुपये केलं. देशी असते २५ यूपीपर्यंत, म्हणजे प्रूफहून २५ टक्के हलकी, ४२.८ टक्के अल्कोहोल. तसल्या १८० मिलीत ०.१३५ प्रूफ लिटर भरतं. वाढ २५ रुपयांची, म्हणजे निपेमागं ३ रुपये ३७ पैसे. दारू त्याहून हलकी असेल तर आणखी कमी. आणि निप किती वाढली? ६०-७० वरून ८०. उरलेले पैसे कुठं गेले ते पोस्टवाल्यानं सांगावं.

दुसरं. रोज एक निप घेणारा महिन्याला २४०० रुपये काउंटरवर ठेवतो. त्याच घरात बहिणीच्या खात्यात १५०० येतात. यातून योजनेचे पैसे 'निघतात' म्हणजे कोणाच्या खिशातून निघतात?

तिसरं, आणि हेच खरं दुखणं. शुल्क डिस्टिलरीच्या गेटवर वसूल होतं. शुल्क भरलं, वाहतूक पास निघाला, पेटी बाहेर पडली की उत्पादन शुल्काचा मोठा वाटा सरकारच्या खात्यात जमा. मग ती पेटी सीएल-३ च्या (देशीच्या किरकोळ परवाना दुकानाच्या) काउंटरवर फुटो की रात्री मोटारसायकलवर बंदीच्या जिल्ह्यात जावो. गावात चिल्लर विकणारा पकडला गेला नाही म्हणून सरकारचा रुपया बुडत नाही. बुडत नाही म्हणून कोणी जीव तोडून पकडतही नाही. कर २०५ करा नाहीतर ४०५, हे गणित जागचं हलत नाही.

जुना_मुनीम
हिशेब अर्धाच मांडला साहेब. ३ रुपये ३७ पैसे हे नुसतं शुल्क. त्यावर व्हॅट, मग सीएल-२ ठोकवाल्याचं मार्जिन, किरकोळवाल्याचं मार्जिन, बाटली, बूच, लेबल, भाडं. ८० ही किमान किंमत सरकारनंच बांधून दिली, दुकानदारानं नाही. त्याला लायसन्स फी एप्रिलच्या तोंडावर मोजावी लागते, माल खपो न खपो. आपल्याकडं गल्ला चालतो दिवाळी ते संक्रांत, कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की. पेरणीत सगळा पैसा बियाणं-खतात अडकतो तेव्हा दुकानात माश्या. पण पगार, भाडं, वीज बाराही महिने. दरवेळी दुकानदारच चोर ठरवायचा असेल तर ठरवा.

वणीकर
दुकानदाराला चोर मी म्हटलेलं नाही. पण विषय तुम्हीच काढला तर बोलू. सीएल-३ आणि वाईन शॉपचे नवीन परवाने सत्तरच्या दशकापासून बंद आहेत. गावं वाढली, लोकसंख्या वाढली, परवाने तेवढेच. त्यामुळं जुना कागद हातात असलेला घरबसल्या कोट्यधीश. परवाना एका गावातून दुसऱ्या गावात हलवायचा, भागीदार बदलायचा, यात जो पैसा फिरतो तो कोणाच्या बापाचा? टंचाई सरकारनं निर्माण केली आणि टंचाईचा भाव खाजगी माणूस खातो. अर्थशास्त्र म्हणता ते हेच.

जुना_मुनीम
मग लिलाव करा की! दर पाच वर्षांनी बोली लावा. फक्त उद्या बोली जिंकणारा कोण असेल हे गावातल्या पोराटोराला ठाऊक आहे. आजचा मालक निदान दुसऱ्या पिढीचा आहे, नाव जपतो तरी.

आडवी_बाटली
भाऊ, तुम्ही दोघं मार्जिनवर भांडून रायले. ज्या गावात दुकान नको तिथं ते बंद कसं करायचं ते तरी कोणाला माहीत आहे का? २००८ च्या आदेशानं २५ टक्के महिलांनी किंवा एकूण मतदारांनी अर्ज केला की तहसीलची पडताळणी, मग गुप्त मतदान. ऐकायला गोड. मेख पुढं आहे. मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. 'आडवी'ला मतं पडायला हवीत ती यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त, आलेल्यांच्या नव्हे.

समजा यादीत ८१२ बाया. ४०७ पाहिजेत. मतदानाला आल्या ५००, आडवीला पडली ३९०. म्हणजे आलेल्यांपैकी ७८ टक्के. तरी दुकान चालू! यादीत मेलेल्यांची नावं, लग्न होऊन गेलेल्या पोरींची नावं, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्यांची नावं. सगळ्या जणी 'उभी'च्या बाजूनं मोजल्या जातात. आमदाराला निवडून यायला ही अट लावा, अर्धी विधानसभा रिकामी राहील. म्हणून अर्ज टाकायच्या आधी यादी दुरुस्त करून घ्यायची, मयतांचे दाखले ग्रामसेवकाकडून काढून जोडायचे, आणि तारीख वेचणीच्या हंगामात येऊ द्यायची नाही. हे चुकलं की मोर्चे कितीही काढा.

वर्ध्यात १९७४ पासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. तिथल्या बायांना जाऊन विचारा दुकान पाहिजे का म्हणून.

हिशेबी
ताई, मतदानाच्या अटीबद्दल शंभर टक्के मान्य, ती अट मूर्खपणाची आहे. पण बंदीचं बोलाल तर चंद्रपूर पाहा. १ एप्रिल २०१५ ला बंद, मे २०२१ मध्ये उठवली. सहा वर्षांत दारू गेली कुठं? कुठंच नाही. वर्धा नदी ओलांडली की वणी, इकडं उमरेड-भिवापूर, खाली तेलंगण. बाटलीवरचा कर यवतमाळ-नागपूरच्या खात्यावर भरला गेला आणि वरचे पैसे वाहतूकवाल्यानं खाल्ले. बंदी म्हणजे शून्य कर नव्हे. कर असतोच, फक्त तो वसूल करणारा बदलतो.

आणि वणीकरांना : विदेशीचा हिशेब तुम्ही सोडलात. तिथं शुल्क निर्मिती मूल्याच्या पटीत आहे. लिटरमागं २६० पर्यंतच्या मालाला तिप्पट होतं ते साडेचारपट झालं. समजा कंपनीनं लिटरला १०० रुपये मूल्य जाहीर केलं. १८० मिलीवर शुल्क ५४ होतं, ते ८१ झालं. वाढ २७ रुपये. निपेत अल्कोहोल देशीइतकंच, वाढ आठपट. शिवाय जाहीर मूल्य १ रुपयानं कमी दाखवलं की साडेचार रुपये शुल्क वाचतं, मग कंपनी काय दाखवेल? कर अल्कोहोलवर लावायचा, प्रूफ लिटरवर, सगळ्यांना सारखा. किमान किमती पाहा : देशी ८०, महाराष्ट्र मेड (इथंच धान्यापासून बनवलेली) १४८, विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. ही तर शिडी झाली. २०५ परवडेना तो पिणं सोडत नाही, एक पायरी खाली उतरतो.

वणीकर
आणि ८० परवडेना तो?

हिशेबी
तो मोहाच्या भट्टीवर. म्हणूनच देशी स्वस्त ठेवतात. ती दया नाही, हातभट्टीशी स्पर्धा आहे.

मोहफूल
आलं! मोह काढल्याशिवाय तुमाले चैनच पडत नाई. हातभट्टी अन् मोहाची एक करून टाकता. हातभट्टी म्हंजे काळा गूळ, नवसागर, तुरटी, प्लास्टिकचा ड्रम, नाल्याच्या काठानं. मोहाची म्हंजे मार्च-एप्रिलमंदी पहाटं वेचलेलं फूल, कडक वाळवलेलं, मातीच्या भांड्यात भिजवलेलं. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत सडवा, म्हंजे गाळायच्या आधीचं आंबवण, तयार, थंडीत त्याच्याहून जास्त. फूल पावसात भिजलं का बुरशी धरते, सडवा जास्त ठेवला का आंबून शिरका होते. गडबड तिथं होते जिथं धंदेवाला घाईनं नवसागर टाकते. अन् माणसं मरतात त्याचं कारण मोह नाई. २०१५ ले मुंबईच्या मालवणीत शंभराच्या वर मेले, ते मिथेनॉलनं. ते कारखान्यातून चोरीनं येते, झाडावरून पडत नाई.

आडवी_बाटली
दादा, झाड पवित्र आहे हे कबूल. पण आज गावात विकली जाते ती पहाटेच्या फुलाची नाही. पूजेला, लग्नाला, मयतीला लागते तेवढी कोणी अडवत नाही. सकाळी सातला शाळेसमोर कॅन घेऊन बसणाऱ्याला तुम्ही संस्कृती म्हणणार का?

मोहफूल
त्याले नाई म्हणत. पण पोलीस येतात तवा कोणाचा सडवा सांडतात? कॅनवाल्याचा नाई, त्याचं ठरलेलं असते. म्हातारीच्या घरचा. दुसऱ्या दिवशी बातमी, 'मोहसडवा नष्ट'. फोटोत ड्रम उलटा अन् चार साहेब सुलटे.

हिशेबी
मोहाचं अर्थकारण बोला ना मग, भावना बाजूला ठेवून. वाळल्या फुलाला आधारभूत भाव किलोला ३० रुपये, २०२० पासून. हंगामात घरी साठवायला कोरडी जागा नाही, म्हणून वेचणारा पडेल भावानं व्यापाऱ्याला देतो, आणि पावसाळ्यात तेच फूल चढ्या भावानं परत गावात येतं. नफा साठवणुकीत आहे, दारूत नंतर. मध्य प्रदेशानं मोहाची दारू हेरिटेज म्हणून कायदेशीर केली, आदिवासी बचतगटांना गाळू दिली. आपण पलीकडून नुसतं पाहतोय.

जुना_मुनीम
वा! म्हणजे बचतगटाची करमाफ बाटली माझ्या ८० च्या निपेशेजारी. स्पर्धा असावी, पण एकाच्या पाठीवर २८ रुपयांचं शुल्क बांधून पळायला लावायचं आणि दुसरा मोकळा?

मोहफूल
तुमच्या निपेतलं स्पिरिट साखर कारखान्याच्या मळीचं. त्याच्याशी स्पर्धा करायले मोहालेच लाज वाटन.

जुना_मुनीम
मळीच्या स्पिरिटला प्रयोगशाळेचा दाखला असतो. तुमच्या पहिल्या धारेला काय असतं, नातेवाइकांची साक्ष?

मोहफूल
तोंड सांभाळून. पेसाच्या, म्हंजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या, गावात काय पाह्यजे अन् काय नाई, हे ग्रामसभा ठरवन. १९९६ चा कायदा आहे, मादक पदार्थावर बंदी, नियमन, निर्बंध, तिन्ही अधिकार ग्रामसभेचे. दुकानदाराले कोणी विचारलं नाई.

आडवी_बाटली
तोच अधिकार वापरून गडचिरोलीत कितीतरी गावांनी मोहाचीसुद्धा बंद केली, हेही सांगा. ग्रामसभा तुमच्या बाजूनं बोलली की स्वशासन, बायांच्या बाजूनं बोलली की बाहेरच्यांनी भडकवलं. असं कसं चालेल?

मोहफूल
ग्रामसभेनं ठरवलं तं ठरवलं. त्याले आपण नाई नाई म्हणत. पोलिसानं ठरवू नये एवढंच.

वणीकर
धागा मोहावर गेला तो गेलाच. मूळ प्रश्नाकडं या. हिशेबी, सगळी विक्री सरकारनंच करावी असं तुम्ही मागं सुचवलं होतं. तमिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडं, शेजारी छत्तीसगडमध्ये २०१७ पासून. गोंदियाच्या सीमेवर दारू येणं थांबलं का?

हिशेबी
थांबलं नाही, थांबणारही नाही, किमतीत फरक असेपर्यंत. पण निदान किरकोळ मार्जिन सरकारकडं जातं आणि तुमचा तो कोट्यधीश परवाना संपतो. हां, छत्तीसगडमध्ये सरकारी दुकानांतूनच हिशेबाबाहेरच्या बाटल्या विकल्याचा आरोप झाला, ईडी मागं लागली, हे मीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सांगालच.

जुना_मुनीम
सांगणारच होतो.

वणीकर
मग उपाय काउंटरवर नाही, काउंटरनंतर आहे. बंदीच्या जिल्ह्यात पेटी पकडली की पंचनाम्यात काय असतं? 'देशी दारूच्या १८० मिलीच्या ४८ बाटल्या, किंमत अमुक', दारूबंदी कायद्याचं कलम ६५ (ई), चालक अटकेत, गाडी जप्त. माल कोणत्या दुकानातून निघाला हे विचारतच नाहीत. लेबलवर बॅच नंबर आणि तारीख छापलेली असते. बॅचवरून डिस्टिलरी, तिच्या पासवरून ठोकवाला, ठोकवाल्याच्या नोंदवहीवरून सीएल-३. तीन कागद. गुन्ह्यात परवानाधारक आरोपी झाला आणि परवाना निलंबित झाला, तर तो स्वतःच चिल्लरवाल्याला दोन पेट्या द्यायचं बंद करेल. २०२५ च्या निर्णयात उत्पादन शुल्क खात्यात ७४४ नवी पदं मंजूर झाली. ती माणसं हे करणार की फक्त गेटवर वसुली मोजणार?

जुना_मुनीम
बॅच नंबरचं बोललात ते कागदावर छान दिसतं. एका बॅचच्या हजारो बाटल्या निघतात, त्या चार तालुक्यांतल्या पंचवीस दुकानांत जातात. पकडलेली पेटी माझीच कशावरून? न्यायालयात पाच मिनिटंही टिकणार नाही.

वणीकर
हा मुद्दा बरोबर आहे, दुर्दैवानं. मग प्रत्येक बाटलीला स्वतंत्र क्रमांक द्या, डिस्टिलरीत स्कॅन, ठोकवाल्याकडं स्कॅन, दुकानात विकताना स्कॅन. औषधाच्या पट्टीवर क्यूआर कोड येतो, निपेवर का नाही?

जुना_मुनीम
येईल. आणि त्या स्टिकरचा खर्च निपेवर चढेल. दुकानात गर्दीच्या वेळी शंभर गिऱ्हाइकं, नेट गेलेलं, लाईट गेलेली. मग तुम्हीच लिहाल, दुकानदार स्कॅन न करता विकतो म्हणून.

आडवी_बाटली
लिहू की. आणि नेट गेलं असेल तर तेवढा वेळ विक्री बंद ठेवा. रेशनवर अंगठा उमटला नाही तर बाईला धान्य न देता परत पाठवता, तेव्हा नेटची कोणाला दया येत नाही.

मोहफूल
ताई, याच्यावर मात्र आपण तुमच्या संग. मोहाचा मुद्दा तसाच उभा आहे, ध्यानात ठेवजा.