मदत हवी आहे: अगारोज जेलमधला पेशींचा गोळा उपाशी आहे की दबलाय?

नमस्कार मंडळी,

नाशिकलाच एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींचे गोळे (स्फेरॉइड) करून अगारोजच्या जेलमध्ये (जेलीसारखा घट्ट पदार्थ) अडकवलेत. मोकळे गोळे १० दिवसांत जवळपास दुप्पट जाड झाले. ०.५ टक्का जेलमधले रखडत वाढले, १ टक्क्यातले होते तेवढेच.

मी म्हणतो, चोहोबाजूंनी दाब येतोय. राकेश जैन यांच्या बोस्टनच्या गटाने १९९७ साली हेच दाखवलं होतं: ४५ ते १२० मिमी पाऱ्याइतक्या दाबाला गोळ्यांची वाढ थांबते. मोठा आकडा म्हणजे आपल्या बीपीचा वरचा आकडा! पण गाइड मॅडम म्हणतात, "जेलमधून ग्लुकोज-ऑक्सिजन पोचत नसेल. नाही कशावरून?"

घरी आबांना सांगितलं (आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे). ते म्हणाले, "घड गच्च झाला की आतले मणी चेपतात. खत कमी पडलं की जागा, ते विरळणी केल्यावर कळतं. कात्री लावून बघ."

जैन गटाच्या त्या पेपरातही तेच केलंय, जेलमधून सोडवल्यावर गोळे पुन्हा वाढले. माझं घोडं इथेच अडलंय. मायक्रोस्कोपखाली स्काल्पेलने जेल कोरतो, तर शेवटच्या थराबरोबर गोळ्याचाही बुंदीच्या लाडवासारखा भुगा होतो. वितळवावं तर लो-मेल्टिंग अगारोजलाही ६५ अंश लागतात, पेशी शिजतील. अगारोज विरघळवणारं अगारेज एन्झाइम बजेटबाहेर. काय करू?

प्रतिसाद १
जेलच सोडून दे. मोकळ्या गोळ्यांच्या माध्यमात (ज्या पोषक द्रवात वाढवतोस त्यात) मोठ्या रेणूचं डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ) घाल, २० लाख डाल्टन रेणुभाराच्या आसपासचं. ते पेशीत शिरत नाही, परासरणाने बाहेरून दाबतं. माध्यम बदललं की दाब गेला, ही झाली तुझ्या आबांची कात्री. अन्न पोचत नाही हा प्रश्नही बराचसा निकालात. आणि नुसता व्यास मोजू नकोस. दाबाखाली पेशी दाटीवाटीने बसतात, गोळा लहान दिसला तरी पेशी कमी असतीलच असं नाही. ट्रिप्सिन एन्झाइमने पेशी सुट्या करून मोज.

धागाकर्ता
दाटीचं लक्षातच आलं नव्हतं, सगळी वही व्यासांनी भरलीय! आता नाशिकमध्ये कुणाकडे उरलेलं डेक्स्ट्रान असेल तर सांगा, डबी घेऊन येतो. ऑर्डर मंजूर होईपर्यंत सबमिशन उलटून जाईल.