सागरछाया सोसायटी (फक्त महत्त्वाचे मेसेज)

शिर्के बी-१०२: नमस्कार. आत्ता खाली जाऊन गाडी बघून आलो. बॉनेट काच सगळं चिकट आणि त्यावर काळी काजळी, वायपर फिरवला तर अजूनच फासलं. हे सगळं नारळावरून गळतंय आणि मी मागच्या मीटिंगपासून ओरडतोय. जास्वंदीच्या कुंपणावर तर पांढरी कीड एवढी माजलीय की आता चालायला लागलीय. उद्या रविवारी १० वाजता फवारणीवाला येतोय, मी अॅडव्हान्स दिलाय. सर्वांनी गाड्या बाहेर काढाव्यात ही नम्र विनंती.

सुर्वे सेक्रेटरी: शिर्केसाहेब परस्पर? कमिटी कशाला आहे मग

शिर्के बी-१०२: कमिटीची वाट बघितली तर गाडी पुन्हा पेंट करावी लागेल.

नेने काकू ए-१: कुंपणाला कुणीही हात लावायचा नाही!! ती चालणारी पांढरी कीड नव्हे, मी भावाच्या द्राक्षबागेतून तासगावहून भुंगेरे आणून सोडले होते त्यांची पिल्लं आहेत ती. सुर्वे भाऊजींना विचारून सोडलेत.

सुर्वे सेक्रेटरी: मला वाटलं काकू फुलझाडं आणतायत, मी हो म्हटलं

शिर्के बी-१०२: काकू मान राखून विचारतो, कीड मारायला आणखी कीड? आणि दोन्ही पांढऱ्याच?

तेजस ए-३०१: काका तिथेच सगळे फसतात. मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण, तो तीन-चार मिलीमीटरचा, जवळजवळ एकाच जागी चिकटून रस पीत बसतो. ह्या भुंगेऱ्याची अळी त्याच्यासारखीच मेणाचे पांढरे धागे अंगावर घेऊन फिरते पण तिप्पट मोठी होते, धागे लांब असतात, आणि काडीने डिवचलं की तुरुतुरु पळते. संध्याकाळी बघितलं, एक अळी पिठ्याच्या अंड्यांच्या कापसात डोकं खुपसून बसली होती. मोठे भुंगेरे काळे, डोक्याकडे नारिंगी, मसुराच्या डाळीएवढे. नाव क्रिप्टोलिमस. मूळचे ऑस्ट्रेलियातले, आपल्याकडे १८९८ मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणले होते, द्राक्षवाले आजही सोडतात.

परकार भाई बी-२०३: परदेशी भाडेकरू! पोलीस व्हेरिफिकेशन झालं का? नॉन-ऑक्युपन्सी चार्ज कोण भरणार 😂

रेडकर वहिनी: परकार भाई तुमचो पोरगो दुबईक असता तेवा तुमका लावलो काय कोणी चार्ज

परकार भाई बी-२०३: वहिनी मस्करी केली हो, दुबई कुठे आणली मध्ये

लाड आजोबा: शुभ रात्री. टाकीचा वॉल अजून गळतो आहे.

शिर्के बी-१०२: उद्या १० ला फवारणीवाला येतोय. गाड्या काढाव्यात.

नेने काकू ए-१: शिर्के तुम्ही मागच्या पावसाळ्याआधी पण मारून घेतलं होतंत ना औषध? काय झालं? पंधरवड्यात पिठ्या परत, आणि पूर्वी दिसायचे ते लाल ठिपक्यांचे ढालकिडे मात्र गायब. पिठ्याच्या अंगावर मेण असतं, अंडी कापसात, औषध आत पोचतच नाही, मरतात ते बिचारे उघडे फिरणारे.

शिर्के बी-१०२: बरं कुंपण ठेवा तुमचं. नारळाचं काय? गाडी नारळाखाली आहे.

तेजस ए-३०१: नारळावर वेगळी भानगड आहे, चक्राकार पांढरी माशी. आपल्याकडे २०१६ ला तमिळनाडू-केरळात पहिल्यांदा सापडली, तिथून पसरली. झावळीच्या खालून रस पिते आणि गोड पाणी गाळते, त्यावर काळी बुरशी धरते, तीच तुमच्या बॉनेटवर. तिच्यावर एन्कार्शिया म्हणून चिलटापेक्षा बारीक गांधीलमाशी असते, माणसाला चावत नाही, माशीच्या पिल्लात अंडं घालते. मी पडलेल्या झावळीवर भिंग धरलं तर बऱ्याच पिल्लांना गोल भोक पडलेलं, म्हणजे ती आपणहून आलेलीच आहे. फवारलं तर आधी ती मरेल. सोमवारी भाट्याला नारळ संशोधन केंद्रात पान दाखवून येतो.

रेडकर वहिनी: आणि बाव उघडी आसा नारळाच्या मुळात. ता औषध कोणाच्या पोटात जातला?

सुर्वे सेक्रेटरी: विहिरीचा मुद्दा बरोबर आहे.

शिर्के बी-१०२: मग मी काळी गाडीच घेऊन फिरू?

तेजस ए-३०१: बुरशी काढायला लिटरला १० ग्रॅम स्टार्च कालवून झावळ्यांवर मारतात, वाळलं की पापुद्रा होऊन गळते.

परकार भाई बी-२०३: म्हणजे नारळाला खळ घालून इस्त्री 😂 बरं ते जाऊदे, कुंपणावर मुंग्या का एवढ्या? माझ्या कलमांवर हुमले म्हणजे लाल मुंग्या असतात, त्यांची घरटी मी मोडत नाही, काजूवरची ढेकण्या कीड खातात. पण ह्या बारक्या काळ्या आहेत.

तेजस ए-३०१: भाई त्याच घोळ करतायत. पिठ्याचं गोड पाणी प्यायला मिळतं म्हणून त्याला राखतात, भुंगेरा आला की हुसकावतात. आणि कुणीतरी रोज सकाळी जास्वंदीच्या मुळाशी साखर टाकतंय.

नेने काकू ए-१: कुणीतरी काय, सगळ्यांना माहितीय कोण टाकतं

लाड आजोबा: मुंग्यांना साखर घालणे हे पुण्यकर्म आहे. माझी आई घालत असे. कोणाला अडचण असेल तर तोंडावर सांगावे, ग्रुपवर नाही. टाकीचा वॉल गळतो आहे त्याकडे कोणाचे लक्ष नाही.

तेजस ए-३०१: आजोबा बंद नका करू उलट! फक्त कुंपणापासून लांब, पंपाच्या खोलीमागे टाका. मुंग्या साखरेकडे वळतील आणि भुंगेऱ्यांना मोकळं रान मिळेल. खरंच करतात असं बागांमध्ये.

लाड आजोबा: पंपाच्या खोलीकडे चिखल असतो. वॉल गळतो म्हणून.

परकार भाई बी-२०३: 🙏🙏 आजोबा जिंकले

शिर्के बी-१०२: उद्या १० ला माणूस येतोय. अॅडव्हान्स परत देत नाही तो. आणि नारळाखालची जागा मी मागून घेतलेली नाही, ड्रॉमध्ये आली.

नेने काकू ए-१: ड्रॉ कसा झाला ते आम्ही पण बघितलंय. मला स्कूटर जिन्याखाली आणि कुणाला गेटजवळ सावली.

सुर्वे सेक्रेटरी: काकू आता ते नको प्लीज. निर्णय: उद्याचा माणूस फक्त मीटर रूम आणि गटाराच्या झाकणांना झुरळांचं औषध मारेल, कुंपण, नारळ, विहीर सोडून. मी स्वतः उभा राहीन. प्लंबर पण उद्याच. शिर्के यांनी भाट्याहून उत्तर येईपर्यंत गाडी गेटजवळ लावावी.

परकार भाई बी-२०३: गेटजवळ म्हणजे माझ्या जागेवर??