विभेदन, पक्वन की 'पिकवणं'?

तळटीप
रक्ताच्या कर्करोगावरची एक छोटी माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. वाचणार रुग्णाच्या घरची माणसं. अडलंय 'डिफरन्शिएशन थेरपी'पाशी. पहिल्या खर्ड्यात 'विभेदन उपचार' लिहिलं आणि आईला वाचायला दिलं. ती म्हणाली, "म्हणजे पेशी फोडतात का?" मग तो शब्द टाळून 'औषधाने कर्करोगाच्या पेशींची अर्धवट राहिलेली वाढ पूर्ण केली जाते' असं लिहिलं, तर ती दचकलीच. कर्करोग वाढवायचं औषध! सुचवा काहीतरी.

कोशातली मुंगी
आईंचं काही चुकलं नाही. 'भिद्' धातूत फोडणं आहेच. भेदक, अभेद्य, शब्दवेध नव्हे पण लक्ष्यभेद, सगळं त्याच घरातलं. 'विभेदन'मध्ये अभिप्रेत असलेला भेद मात्र 'फरक' या अर्थाचा आहे. एकसारख्या दिसणाऱ्या पेशींतली एक त्वचेची होते, एक मज्जातंतूची, म्हणजे त्यांच्यात वेगळेपण येतं. दुसरी खोड म्हणजे शेजारी बसलेलं 'विभाजन'. एका परिच्छेदात पेशीविभाजन आणि पेशीविभेदन आलं की मुद्रितशोधकही चकतो. आणि इथे तर दोन्ही एकमेकांच्या उलट चालतात. या कर्करोगात विभाजन थांबत नाही आणि विभेदन होत नाही. दोन अक्षरांच्या चुकीने उपचाराचा रोग होईल!

रक्तचाचणी
मी पॅथॉलॉजीत आहे. आम्ही मराठी बोलतानाही सरळ 'सेल मॅच्युअर होत नाहीयेत' असंच म्हणतो. पुस्तिका बहुतेक एपीएलबद्दल असणार, म्हणजे ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी टप्प्याटप्प्याने तयार होतात, त्यातला 'प्रोमायलोसाइट' हा मधला टप्पा. या आजारात 15 आणि 17 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल होतात, त्यातून पीएमएल-रारा नावाचं जोडप्रथिन बनतं, आणि पुढे जायला लागणाऱ्या जनुकांवर ते ठाण मांडून बसतं. पेशी तिथेच अडकतात आणि तिथेच थव्याने साठतात. एके काळी हा रक्ताच्या कर्करोगांतला सर्वांत झपाट्याने जीव घेणारा प्रकार होता, कारण रक्त गोठण्याची सगळी घडी विस्कटते आणि रुग्ण रक्तस्रावाने जातो.

यावर शांघायमध्ये वांग झेन-यी आणि सहकाऱ्यांनी 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड, म्हणजे 'एट्रा', तोंडावाटे दिलं. 1988 साली त्यांनी 24 रुग्णांची हकिगत छापली. 23 जणांचा आजार एवढ्याच औषधाने ओसरला, उरलेल्या एकाला सायटाराबिन या केमोथेरपीच्या औषधाची थोडी जोड लागली. विशेष म्हणजे मज्जा आधी उजाड झाली नाही. केमोथेरपीत जुनं पीक जाळून नवं यायची वाट बघावी लागते. इथे सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पेशी पुढच्या टप्प्याला जाताना दिसल्या. म्हणून माझं मत 'परिपक्वन'ला.

हापूस
एवढा संस्कृत घोळ कशाला? 'पिकवणं' म्हणा की. आढीत घातलेली कैरी पिकते, तशी पेशी पिकते. पिकलेलं फळ गळतं, हेही आलंच त्यात.

कोशातली मुंगी
हापूसराव, केमिकलने पिकवलेला आंबा म्हटलं की लोक नाक मुरडतात, हे तुम्हाला सांगायला हवं? शिवाय दवाखान्यात 'पिकणं' म्हणजे गळू पिकणं. "पेशी पिकल्यात" असं ऐकून नातेवाईक अँटिबायोटिक विचारतील.

रक्तचाचणी
गंमत म्हणजे हापूस अगदीच चुकलेले नाहीत. प्रोमायलोसाइट पूर्ण तयार झाला की त्याचा न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी, होतो, आणि पू म्हणजे बव्हंशी मेलेले न्यूट्रोफिलच. पुस्तिकेत मात्र घालू नका.

तळटीप
खरी अडचण 'वाढ' या शब्दात आहे, असं आता वाटतंय. पोरं वाढतात, गर्दी वाढते, आणि पानात भातही वाढतात. संख्येने वाढणं आणि वयाने मोठं होणं यांना आपण एकच क्रियापद वापरतो. एपीएलमध्ये पहिलं बेसुमार आणि दुसरं ठप्प.

कोशातली मुंगी
बरोब्बर. म्हणून इथे 'वाढ' नकोच, 'पक्व होणं' ठेवा. पण 'पक्वन' सगळीकडे चालेल का? लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमात, म्हणजे मज्जातंतूंच्या कोवळ्या पेशींच्या कर्करोगात, मुख्य उपचारांनंतर, मुरुमांवर देतात तेच आयसोट्रेटिनॉइन देतात ना?

रक्तचाचणी
हो, जास्त जोखमीच्या मुलांत. तिथेही उद्देश मज्जातंतूंच्या कोवळ्या पेशी पक्व व्हाव्यात हाच. ही गाठ कधीकधी आपणहूनसुद्धा निरुपद्रवी गाठीत बदलते. कुशिंग आणि वोलबाक यांनी अशी एक केस 1927 सालीच नोंदवली होती. पण मूळपेशीपासून हृदयाची की यकृताची अशी निवड होते, तिथे 'विभेदन'च हवं. पाठ्यपुस्तकाला तो शब्द राहू दे.

कोशातली मुंगी
पुस्तिकेत दुसरं औषध आर्सेनिक ट्रायऑक्साइड असेल. त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: सोमल.

रक्तचाचणी
शब्द सुंदर, पण कृपया नको! कुणी सोमल शोधत काष्ठौषधीच्या दुकानात जाईल. हे औषध सहसा शिरेतून, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून देतात. चीनमध्ये हार्बिनला झांग तिंगदोंग यांनी 1970च्या दशकात ते एका लोकउपायातून उचललं, हे खरं. आता कमी-मध्यम जोखमीच्या रुग्णांना एट्रा आणि आर्सेनिक एवढंच पुरतं. 2013च्या युरोपीय चाचणीत दोन वर्षांनी आजार न उलटता जगलेले 97 टक्के होते; एट्रा आणि केमोथेरपीच्या गटात 86.

आणि आता तुमच्या शब्दाच्या मुळावर येतो. नुसत्या एट्राने पेशी छान पक्व होतात, पण आजार बहुधा परततो. आर्सेनिक पक्व करण्यात मवाळ, तरी बरं करण्यात वरचढ. कारण ते पीएमएल-रारा प्रथिनच मोडीत काढतं. ठाण मांडणारा गेला, की स्वतःच्या प्रती काढत राहायची पेशीची ताकदही जाते. म्हणजे 'डिफरन्शिएशन थेरपी' हे इंग्रजी नावसुद्धा अर्धंच खरं आहे.

तळटीप
मग असं लिहिते: 'पक्वन उपचार: या औषधांनी अडकून पडलेल्या पेशी पक्व होतात आणि आपला काळ संपला की मरतात, त्यांना अडकवणारं प्रथिनही नष्ट होतं.'

रक्तचाचणी
चालेल. पुढच्याच ओळीत ठळक टाका: ताप, धाप, एकदम वजन वाढणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पेशी एकदम पक्व होऊ लागल्या की फुप्फुसात गर्दी करतात, तेव्हा लगेच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यावं लागतं. त्याला 'विभेदन संलक्षण' (डिफरन्शिएशन सिंड्रोम) वगैरे म्हणत बसू नका.

हापूस
'वजन वाढणं' चालतंय वाटतं.

तळटीप
तिथे चालतंय.