'बिनतारी' आणि 'बेतार'

विचारणा : पोलिसांच्या गाडीवर 'बिनतारी विभाग' वाचून मुलीनं विचारलं, "म्हणजे वायरलेसच ना? मग माझे हेडफोन बिनतारी का नाहीत?" मला सांगता येईना. शिवाय हिंदीत 'बेतार' आहे, आपलं 'बिनतारी' कसं?

प्रतिसाद : 'बे' आपल्याला परका नाही, पण बेसूर, बेचव, बेताल म्हटलं की काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. 'बिन' नुसतं वजा करतं : बिनशर्त, बिनविरोध, बिनभाड्याची खोली. शेवटची 'ई' विशेषणाची, एकतारी पाकातली असते तीच.

खरी गंमत 'तार' शब्दात आहे. तारेतून जाणारा संदेश तो 'तार', आणि पोस्टमन घरी आणून देई तो कागदही 'तार'. त्यामुळे 'बिनतारी तार' असं म्हणायची पाळी आली असती. 'संदेश' शब्दानं वाचवलं! १२ डिसेंबर १९०१ रोजी कॉर्नवॉलमधल्या पोल्धूहून निघालेली मोर्सची तीन टिंबं, म्हणजे 'एस' हे अक्षर, अटलांटिकपार न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आल्याचं मार्कोनीनं सांगितलं. त्यासाठी त्यानं पतंग उडवून त्याला लांबलचक तार बांधली होती. म्हणजे बिनतारी संदेश पकडायलाही तार लागलीच.

दुसरा प्रतिसाद : हेडफोनचं उत्तर १९२७ मध्ये सापडेल असं मला वाटतं. त्या वर्षी २३ जुलैला मुंबईचं प्रसारण केंद्र सुरू झालं आणि त्याच वर्षी खडकी-दौंडच्या केंद्रांमधून इंग्लंडशी बिनतारी संदेशांची ये-जा सुरू झाली. विज्ञान एकच, पण गाणी-बातम्यांना 'रेडिओ', 'नभोवाणी', पुढे 'आकाशवाणी' अशी नावं मिळत गेली. 'बिनतारी'च्या वाट्याला जहाजं, लष्कर आणि पोलीस आले. तेव्हापासून त्या शब्दाला खाकी रंग आहे. कानात गाणं वाजत असताना 'बिनतारी' म्हणवत नाही, चौकीवरून निरोप येतोय असं वाटतं.

पहिला प्रतिसादक : खाकी रंग मान्य. पण पाठ्यपुस्तकातला 'बिनतारी संदेशवहन' विसरू नका, तिथे तो अगदी साधा, मुलकी शब्द आहे.

विचारणारा : मुलीला एकतारी पाकाचं उदाहरण दिलं. तिनं पाकाची तार कधी पाहिलेलीच नाही, आणि तारसेवा २०१३ मध्येच बंद झाल्यामुळे दुसरी तारही दाखवता येत नाही. आता दिवाळीत रव्याचे लाडू करताना बोलावतो.